सोळा की पाच? एका दीर्घिकेच्या वर्णपटाचं नागपुरात केलेलं सिम्युलेशन

जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रं अभ्यासकांच्या हाती पडली, आणि त्यांतल्या सीअर्स नावाच्या सर्वेक्षणात एक फिकट ठिपका सापडला. नाव सीअर्स-९३३१६. सुमारे २.१ मायक्रोमीटरच्या पलीकडच्या, म्हणजे जास्त तरंगलांबीच्या, फिल्टरांत तो स्पष्ट दिसत होता, अलीकडच्या फिल्टरांत जवळजवळ गायब. फिल्टरांतल्या तेजस्वितेवरून काढलेला त्याचा रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, आला १६.४. तो खरा असता, तर हा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे २४ कोटी वर्षांनी निघालेला ठरला असता. इतक्या लवकर एवढी तेजस्वी दीर्घिका कशी बनली, हे सांगणं सिद्धांतकारांना फार जड गेलं असतं. मार्च २०२३ मध्ये वेबच्या निअरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफनं प्रिझम लावून पाच तासांच्या आसपास त्याचा वर्णपट घेतला आणि रेडशिफ्ट निघाला ४.९. म्हणजे महास्फोटानंतर साधारण १२० कोटी वर्षं.

आमच्या महाविद्यालयातल्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी हेच प्रकरण घेतलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून अट अशी घातली: आपण जानेवारी २०२३ मध्ये आहोत असं धरायचं. चित्रं हातात आहेत, वर्णपट अजून घ्यायचा आहे. दुर्बिणीकडे किती वेळ मागाल, प्रिझम लावाल की ग्रेटिंग (प्रकाश प्रिझमपेक्षा बारीक फोडणारी जाळी), आणि दोन्हींपैकी कोणतंही उत्तर खरं असलं तरी निकाल लागेल, हे आधीच कसं दाखवाल?

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आवडतं उत्तर खरं धरून त्याचा सुंदर वर्णपट काढणं सोपं असतं. नावडतं उत्तरही तितक्याच मेहनतीनं, त्याच नॉइजमधून (मोजमापातल्या यादृच्छिक थरथरीतून) काढलं, तरच सिम्युलेशनचा उपयोग होतो.

प्रकल्पावर दोघं होते: कामठीहून रोज येणारी एक विद्यार्थिनी आणि हिंगण्याचा एक विद्यार्थी. साधनं म्हणजे विभागातला एक जुना डेस्कटॉप आणि तिचा लॅपटॉप. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी वीज गेली की डेस्कटॉप बंद, त्यामुळे मोठ्या रन रात्री लावायच्या आणि सकाळी सात-आठला येऊन बघायच्या, असा क्रम ठरला. मोठी दुर्बीण शहरात नाही, हे खरं. पण वेबच्या निरीक्षणांसाठी जगातल्या कुणालाही अर्ज करता येतो, आणि अर्ज तपासणाऱ्यांना अर्जदाराचं नाव-गाव दाखवलं जात नाही. अर्जात निरीक्षणाची तांत्रिक बाजू भक्कम लागते, आणि ती बाजू मांडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

एकाच चित्राचे दोन अर्थ

आधी कागद-पेन्सिल. खूप दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात १२१६ अँगस्ट्रॉमच्या (दहा हजार अँगस्ट्रॉम म्हणजे एक मायक्रोमीटर) अलीकडचा प्रकाश वाटेतला उदासीन हायड्रोजन गिळून टाकतो. रेडशिफ्ट १६.४ असेल, तर तरंगलांबी रेडशिफ्ट अधिक एक इतक्या पटीनं ताणली जाते, आणि ही पायरी (लायमन पायरी) १२१६ गुणिले १७.४ म्हणजे सुमारे २.१२ मायक्रोमीटरवर दिसते. ठिपक्याच्या चित्रांशी जुळतं.

आता ४.९. जरा नेमका आकडा घेऊ, ४.९१. ताऱ्यांच्या स्वतःच्या वर्णपटात ३६४६ अँगस्ट्रॉमजवळ एक उतार असतो, त्याला बामर ब्रेक म्हणतात. ३६४६ गुणिले ५.९१ केलं की येतात २.१५ मायक्रोमीटर. जवळपास त्याच ठिकाणी. त्यात धूळ मिसळली की अलीकडची बाजू आणखी मंदावते.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण पायरीच्या पलीकडे चारही फिल्टरांत ठिपका बऱ्यापैकी सारखा तेजस्वी दिसत होता, आणि धुळकट दीर्घिका लाल बाजूला चढत जायला हवी. इथे उत्सर्जन रेषा कामाला येतात. दोनदा आयनित ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा २.९६ मायक्रोमीटरवर पडते, म्हणजे एफ२७७डब्ल्यू फिल्टरच्या आत. हायड्रोजनची एच-आल्फा रेषा पडते ३.८८ वर. ही जागा विलक्षण आहे: एफ३५६डब्ल्यू तिथे संपत आलेला असतो, एफ४१०एम आणि एफ४४४डब्ल्यू नुकतेच सुरू झालेले असतात. एकच रेषा तीन फिल्टरांना एकदम उजळवते. असा रेडशिफ्ट नशिबानंच जुळतो, आणि इथे तो जुळला होता.

उजळवते म्हणजे किती? विद्यार्थ्यांना हे हातानं काढायला लावलं. समजा, ऑक्सिजनच्या दोन रेषा आणि हायड्रोजनची एच-बीटा मिळून दीर्घिकेच्या आपल्या चौकटीत १००० अँगस्ट्रॉमची समतुल्य रुंदी आहे, म्हणजे रेषांतला प्रकाश रेषांशिवायच्या प्रकाशाच्या तेवढ्या रुंद पट्ट्याएवढा आहे. आपल्यापर्यंत येताना ती ५.९ पट ताणली जाते: ०.५९ मायक्रोमीटर. फिल्टरची रुंदी सुमारे ०.७. म्हणजे फिल्टरमधला प्रकाश सुमारे १.८ पट होतो, मॅग्निट्यूडमध्ये (खगोलशास्त्रातल्या तेजस्वितेच्या मोजपट्टीत) ०.६६ चा फरक. एवढ्या फरकानं धुळकट लाल दीर्घिका निळसर आणि सपाट दिसू शकते. शेजारच्या काही दीर्घिकाही ४.९ च्या आसपासच होत्या, आणि ही शंका काही अभ्यासकांनी वर्णपट येण्याआधीच छापून मांडली होती. फोटोंतून निकाल लागणार नव्हता, हे गणित झाल्यावर दोघांनाही पटलं.

पँडेयाला काय सांगावं लागतं

दोन्ही मॉडेल-वर्णपट बॅगपाइप्स या पायथन पॅकेजमधून तयार केले. तारे, धूळ, आयनित वायूच्या रेषा, वाटेतल्या हायड्रोजनचं शोषण, सगळं त्यात घालता येतं. मॉडेलची तेजस्विता २६.५ एबी मॅग्निट्यूडला बांधली, म्हणजे प्रकाशप्रवाह ९१ नॅनोजान्स्की.

पुढचं काम पँडेयाचं. वेबसाठी एक्स्पोजरचा वेळ काढणारं अधिकृत कॅल्क्युलेटर ज्या इंजिनावर चालतं, ते हे इंजिन; स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटनं ते पायथनमध्ये उघडं ठेवलं आहे. संदर्भ-डेटाची फाइल वेगळी उतरवावी लागते आणि तिची आवृत्ती इंजिनाच्या आवृत्तीशी जुळावी लागते. ही जुळवाजुळव कंटाळवाणी आहे, पण एकदाच करायची असते.

इनपुटमध्ये तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये आणि प्रकाशप्रवाह मिलिजान्स्कीमध्ये लागतो. इथे हिंगण्याच्या विद्यार्थ्याचा पहिला आलेख विचित्र आला: निळी बाजू प्रचंड उंच, लाल बाजू जमिनीला टेकलेली. मॉडेल तरंगलांबीच्या एककामागे प्रवाह देत होतं आणि जान्स्की हे वारंवारतेच्या एककामागचं माप आहे. मध्ये तरंगलांबीच्या वर्गानं गुणावं लागतं, आणि १ ते ५ मायक्रोमीटरच्या पल्ल्यात हा गुणक २५ पट बदलतो. असा तिरपा वर्णपट सॉफ्टवेअर मुकाट्यानं स्वीकारतं. म्हणून आमच्याकडे नियम केला: पँडेयात घालण्याआधी मॉडेलमधून प्रत्येक फिल्टरची तेजस्विता पुन्हा काढायची आणि चित्रातल्या आकड्यांशी ताडून बघायची. ताळा बसला नाही तर पुढे जायचं नाही.

मग निरीक्षणाची मांडणी. निअरस्पेकमध्ये सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, चार चौकोनांत वाटलेल्या. प्रत्येकीचं उघडं तोंड साधारण ०.२० गुणिले ०.४६ आर्कसेकंद. तीन झडपांची एक फट करायची, दीर्घिका आळीपाळीनं प्रत्येकीत ठेवायची आणि शेजारच्या झडपेतलं आकाश वजा करायचं. डिटेक्टर वाचायची पद्धत एनआरएस-आयआरएस-२ निवडली: दर ग्रुप, म्हणजे वाचनांचा एक गट, सुमारे ७३ सेकंदांचा. १४ ग्रुपांचं एक इंटिग्रेशन, म्हणजे सलग प्रकाश गोळा करण्याचा एक तुकडा, १०२१ सेकंदांचं होतं. अशी १८ केली की १८,४०० सेकंदांच्या आसपास, पाच तासांहून थोडं जास्त. एकच लांबलचक इंटिग्रेशन का नको? वैश्विक किरण डिटेक्टरवर सतत आदळत असतात. तुकडे केले की एका आघातानं सगळं वाया जात नाही.

झडपेतल्या जागेकडे फार जण दुर्लक्ष करतात. दुर्बिणीच्या ६.५ मीटर आरशातून ५ मायक्रोमीटरचा प्रकाश सुमारे ०.१६ आर्कसेकंदांत पसरतो, १ मायक्रोमीटरचा त्याच्या एक-पंचमांशात. दीर्घिका झडपेच्या मधोमध असेल तर ठीक. कडेला सरकली की लाल प्रकाश निळ्यापेक्षा जास्त कापला जातो आणि वर्णपटाचा उतारच बदलतो. आम्ही मध्यावरची आणि कडेची अशा दोन्ही जागा चालवल्या. रेषांच्या जागांवर परिणाम शून्य, धुळीच्या अंदाजावर बराच.

स्वच्छ वक्राचा मोह

पहिला निकाल घेऊन कामठीची विद्यार्थिनी धावत आली. "मॅडम, एकाच इंटिग्रेशनमध्ये सगळं साफ दिसून राह्यलं! पाच तास काहून मागायचे?"

पडद्यावर खरंच साफ दिसत होतं. दोन्ही मॉडेल, दोन गुळगुळीत रेघा, कुठेही थरथर नाही. पँडेया जो एकमितीय वर्णपट देतं तो अपेक्षित सिग्नल असतो, आणि नॉइज किती असेल याचा अंदाज ते वेगळ्या रांगेत देतं. दुर्बिणीतून जे येईल तसं चित्र हवं असेल, तर त्या अंदाजाएवढा यादृच्छिक नॉइज आपणच प्रत्येक पिक्सेलमध्ये मिसळायचा. तोही एकदाच मिसळून चालत नाही. एखाद्या वेळी नॉइजचा उंचवटा नेमका रेषेच्या जागी येतो आणि मन खूष होतं. तेच निरीक्षण शेकडो वेगवेगळ्या नॉइजनी पुन्हा घडवायचं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही मॉडेल बसवून बघायची: कितींदा योग्य मॉडेल जिंकतं, कितींदा गल्लत होते.

हे केल्यावर जे दिसलं, त्यासाठी हा सगळा प्रकल्प केला असं मी म्हणेन.

४.९ चं मॉडेल एका इंटिग्रेशनमध्येही ओळखू आलं. रेषांशिवायचा अखंड प्रकाश नॉइजमध्ये बुडाला होता, पण २.९ आणि ३.९ मायक्रोमीटरजवळचे उंचवटे वर डोकावत होते. त्यांतल्या पहिल्याकडे नीट पाहिलं. २.९६ वर शिखर, त्याला डाव्या हाताला २.९३ वर खांदा, आणि आणखी डावीकडे २.८७ वर बारीकसा फुगवटा. खांदा म्हणजे ४९५९ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजन रेषा. प्रिझमची विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) तिथे शंभराच्या आसपास असते, त्यामुळे शिखर आणि खांदा यांच्यात दोन-एक पिक्सेलांचंच अंतर राहतं. पण त्या दोघांचं गुणोत्तर अणुभौतिकीनं बांधलेलं आहे: ५००७ ची रेषा ४९५९ च्या जवळजवळ तिप्पट. शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच खांदा नेमक्या जागी दिसतो आहे, आणि ३.८८ वर एच-आल्फाही आहे, एवढं जुळल्यावर दुसरं उत्तर उरत नाही.

१६.४ चं मॉडेल वेगळं वागलं. त्या अंतरावर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या या ठळक रेषा ५.३ मायक्रोमीटरच्या पलीकडे जातात, निअरस्पेकच्या पल्ल्याबाहेर. उरतात ती अतिनील पट्ट्यातली कार्बन-हेलियमची चिन्हं, आणि ती बहुधा क्षीण असतात. म्हणजे पुरावा फक्त पायरीचा. पायरी आहे असं म्हणायचं तर तिच्या डावीकडे प्रकाश नाही हे दाखवावं लागतं. एका इंटिग्रेशनमध्ये डावी बाजू शून्याभोवती इतकी हेलकावत होती, की तिथे काहीच नसेल किंवा थोडंसं असेल, दोन्ही म्हणता आलं असतं.

हा मुद्दा दोघांनी लॉ कॉलेज चौकात तर्री-पोहे खाता खाता एकमेकांत सोडवला आणि दुसऱ्या दिवशी मला एका वाक्यात सांगितला: "मॅडम, 'आहे' दाखवायला कमी वेळ लागते, 'नाही' दाखवायला जास्त लागून राह्यला." अगदी बरोबर. वेळ मागायचा तो अवघड उत्तराच्या हिशेबानं.

आणि अवघड उत्तराला आणखी अवघड करायला त्यांनीच तिसरं मॉडेल आणलं: ४.९ वरचीच, पण तारे बनवणं थांबलेली, रेषाच नसलेली दीर्घिका. चित्रांशी ती तितकीशी जुळत नाही, कारण चित्रांना सपाट करणाऱ्या रेषाच तिच्याकडे नाहीत. तरीही विरोधी पक्षाला सर्वात बळकट वकील द्यायचा, ही त्यांची भूमिका मला मनापासून आवडली. हे मॉडेल आणि १६.४ यांच्यातला फरक फक्त पायरीच्या आकारात आणि डावीकडच्या मंद उजेडात. १८ इंटिग्रेशनांनी नॉइज एकाच्या तुलनेत चारपटीहून थोडा जास्त घटतो, कारण १८ चं वर्गमूळ ४.२४. तेवढ्यानं डावी बाजू मोजण्याजोगी झाली. बामर ब्रेकचा उतार तिरकस निघाला आणि लायमन पायरी जवळजवळ उभी. प्रिझमची विभेदनक्षमता २ मायक्रोमीटरच्या आसपास शंभराच्या बरीच खाली असते, तरी हा फरक टिकला.

ग्रेटिंग लावावं का, यावर फार वेळ घालवला नाही. मध्यम विभेदनाचं ग्रेटिंग ऑक्सिजनच्या दोन रेषा छान सुट्या करतं, पण तोच प्रकाश कितीतरी जास्त पिक्सेलांवर पसरतो आणि डिटेक्टरचा स्वतःचा नॉइज वरचढ होतो. दीर्घिका १६.४ वर असती, तर ग्रेटिंगनं पाच तासांत हाती फारसं काही दिलं नसतं. प्रिझम दोन्ही शक्यतांत उपयोगी पडतो. निर्णय प्रिझमचा.

खरा वर्णपट शेजारी ठेवल्यावर

इथवर पोहोचल्यावर अट उठवली आणि सार्वजनिक संग्रहातून खरा वर्णपट उतरवून घेतला. रेषा जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. आमचा पाच तासांचा अंदाज प्रत्यक्ष निरीक्षणाच्या वेळेशी इतका जवळ आला की दोघांना फार आनंद झाला. मला त्यात नवल वाटलं नाही: ज्यांनी तो वेळ मागितला, त्यांच्याकडेही हेच इंजिन होतं आणि प्रश्नही हाच होता.

फरक दोन ठिकाणी लक्षात घ्यावे लागले. खऱ्या डेटावर प्रक्रिया करताना वाकडी वर्णपट-पट्टी सरळ करून नव्या पिक्सेलांवर बसवली जाते. त्यात शेजारच्या पिक्सेलांचा नॉइज एकमेकांत मिसळतो. सिम्युलेशनमध्ये आम्ही प्रत्येक पिक्सेलचा नॉइज स्वतंत्र धरला होता. मिसळलेला नॉइज दोन-तीन पिक्सेल रुंद असे खोटे उंचवटे बनवतो, आणि प्रिझममध्ये खरी रेषाही तेवढीच रुंद असते. क्षीण रेषेचा दावा करताना हे फार महागात पडू शकतं, म्हणून पुढच्या रनमध्ये नॉइजही तसाच जोडलेला घातला.

दुसरा फरक पायरीचा आहे, आणि तो या दीर्घिकेत दिसत नाही. खरोखर दूरच्या दीर्घिकांत दिसतो. जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचा रेडशिफ्ट निअरस्पेकच्या पायरीवरून १४.३२ निघाला होता. नंतर चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं तिच्या ऑक्सिजनची एक अवरक्त रेषा पकडली आणि आकडा आला १४.१८. भोवतालचा उदासीन हायड्रोजन दाट असेल, तर तो १२१६ च्या पलीकडचाही थोडा प्रकाश खातो, पायरीची कड गोलसर होते आणि लालकडे सरकल्यासारखी दिसते. मॉडेलमध्ये धारदार पायरी घातली, तर सिम्युलेशनमधून निघणारा रेडशिफ्ट आणि त्याची त्रुटी, दोन्ही वाजवीपेक्षा नेमके वाटतात. आमच्या १६.४ च्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या दाटीचा हायड्रोजन घातल्यावर ४.९ की १६.४ हा निकाल बदलला नाही. मात्र १६.४ मधल्या दशांशावरचा भरवसा बराच कमी झाला, आणि अहवालात ते तसंच लिहिलं आहे.

अहवाल जमा झाला आहे. कामठीच्या विद्यार्थिनीनं झडपेतल्या जागेचा आणि धुळीच्या अंदाजाचा भाग पुढे न्यायचं ठरवलंय. हिंगण्याच्या विद्यार्थ्यानं त्याहून अडचणीचा प्रश्न उचलला: वर्णपटात एकच रेषा दिसली तर काय? ३.८८ मायक्रोमीटरवरची एकटी रेषा ४.९१ वरची एच-आल्फा असू शकते, तशीच ६.७५ वरची ऑक्सिजनची ५००७ सुद्धा. दुसऱ्या शक्यतेत ३.८४ वर एक-तृतीयांश उंचीचा खांदा असायलाच हवा. तो नाही हे खात्रीनं सांगायला किती इंटिग्रेशन लागतील, त्याच्या रन सध्या डेस्कटॉपवर रात्री लागतात.